चांदीच्या मिशा

सटवाजीबाबांची खोळ सुटली ती माझ्या बायकोच्या, उमाच्या, वर्षश्राद्धाच्या दिवशी, सकाळी. मी तेव्हा मळ्यात नव्हतो. टेंभुर्णीच्या घरी ओसरीवर बसून आचाऱ्याला भाजीत तिखट कमी घालायला सांगत होतो, कारण उमाला तिखट सोसायचं नाही. सांगून झाल्यावर लक्षात आलं की जेवायला ती नाही.

त्यामुळे पुढे लिहितो आहे ते थोडं पाहिलेलं आणि बरंच विचारून घेतलेलं आहे. घरातल्या प्रत्येकाला मी नंतर एकेकटं गाठून विचारलं. ही रीत उमाची. ती म्हणायची, चार माणसांना एकत्र बसवून विचारलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं. आमच्या घरात तो आवाज भुजंगदादाचा, माझ्या थोरल्या भावाचा.

मळ्यातल्या लिंबाखाली चौथऱ्यावर बाबांचा दगड आहे, छातीइतका उंच. सटवाजीबाबा आमचा मूळपुरुष. गावची गुरं चोरांनी वळवली तेव्हा तो एकटा आडवा गेला, गुरं परत आणली आणि वेशीत पडला, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. दगडावर पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर चढत गेला आणि त्याचा वीतभर जाड थर झाला. त्या थराला खोळ म्हणतात. आमच्या आजोबांचा नवस फिटला तेव्हा त्यांनी त्या थरावर चांदीचे डोळे आणि चांदीच्या भरघोस मिशा बसवल्या. गाव त्या मिशांना ओळखतं.

शेंदूर लावायचा तो फक्त घरच्या सुनांनी. लेकींनी लावायचा नाही, आणि पुरुषांनी तर चौथऱ्यावर पायही ठेवायचा नाही, खाली उभं राहून हात जोडायचे. नवी सून आली की तिच्या हातचा शेंदूर लागतो आणि बाबांपुढे हिरव्या बांगड्या ठेवतात.

लग्नानंतर उमाला तिथे नेलं तेव्हा येताना वाटेत तिनं माझ्या आईला विचारलं होतं, बाबांना बांगड्या कशाला? आई म्हणाली, त्यांच्या बायकोला. मग बायको कुठं आहे, असं उमानं विचारलं. आईनं घरी आल्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, बायको हुशार आणलीस, जरा कमी बोलायला सांग.

मी काही सांगितलं नाही. सांगून ऐकलंही नसतं. त्या एका प्रश्नामागे तिचं सगळं आयुष्य गेलं असं म्हटलं तरी चालेल. ती जालन्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि मी बदनापूरच्या संशोधन केंद्रात होतो. आमची लेक अंतरा शाळेत जायला लागल्यावर तिनं पीएचडीला नाव घातलं. सुटीच्या दिवशी एसटीनं जाफराबाद, भोकरदनकडच्या गावांत जाऊन वीरगळ बघायची. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गुरं सोडवताना मेलेल्याच्या नावानं उभा केलेला दगड. गावात गेली की पाटलाच्या घरी न जाता दगड कोण धुतं, शेंदूर कोण लावतं, त्या बाईकडे जाऊन बसायची. ती तूर निवडत असेल तर हीही निवडायची. तिचे मार्गदर्शक एकदा म्हणाले होते, हे संशोधन आहे की बायकांची भिशी? जांब समर्थला मी तिला दर्शनाला नेलं तर रांगेतल्या म्हातारीशी बोलता बोलता तिनं आमचा नंबर मागे जाऊ दिला.

पुस्तक आलं तेव्हा ती विभागप्रमुख झाली होती. त्यात एक प्रकरण आमच्या दगडावर होतं. बांगड्या ठेवतात, सुनाच शिवतात, पुरुष खाली राहतात, त्यावरून तिचं म्हणणं असं की शेंदराखाली पुरुष नाही, बाई आहे. गुरं एका बाईनं सोडवली आणि नाव मागाहून पुरुषाचं पडलं.

विद्यापीठातल्या चर्चासत्रात वीरगळांचे जुने अभ्यासक असलेल्या सोमेश्वर सरांनी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम, शेंदराखाली ज्याला जे पाहिजे ते असतं." सभागृह हसलं. मी मागच्या रांगेत होतो. उमा म्हणाली, "बरोबर आहे. शेंदूर निघाला की तुम्हीच बघायला या. तोवर माझं म्हणणं अंदाज म्हणून धरा."

पुस्तकातही तिनं अंदाज असाच शब्द छापला. दादाचा मुलगा कल्याण तेव्हा कॉलेजात होता. तो तिला म्हणाला, काकू, एका दुपारी कोपऱ्यात थोडं खरवडून बघू, कोणाला कळतंय? तिनं त्याला झापलं. ज्यांचा देव आहे त्यांनी दाखवला तर बघायचं, चोरून बघितलेलं मला लिहिता येत नाही, असं तिचं म्हणणं.

दादाला पुस्तक लागलं. टेंभुर्णीच्या बाजारात लोक त्याला विचारायचे, पाटील, बाबाच्या मिशा खऱ्या की नाटकातल्या? दोन वर्षं तो उमाशी बोलला नाही. ती मात्र दर दसऱ्याला जायची आणि सुनेचं काम म्हणून बाबांना शेंदूर लावून यायची. स्वतःच्या पुराव्यावर स्वतःच्या हातानं आणखी एक थर चढवून यायची. पुढे दादाचं ऑपरेशन जालन्याला झालं तेव्हा तिनं दोन्ही वेळचा डबा नेला. मग बोलणं सुरू झालं, पण दगडाचा विषय दोघांनीही काढला नाही. गेल्या वैशाखात ती गेली. घरात शिरताना मी अजूनही चपला हळू काढतो, ती वाचत असेल म्हणून.

त्या सकाळी उषावहिनी आणि कल्याणची बायको आकांक्षा बाबांना आंघोळ घालायला मळ्यात गेल्या होत्या. वहिनींनी पहिला तांब्या ओतला आणि खोळ वरपासून खालपर्यंत एका तुकड्यात सुटून चौथऱ्यावर पडली. वहिनी सांगतात, आधी त्यांना वाटलं आपल्या हातून देव फुटला. मग दगडावरच्या तेलाच्या काळ्या किटणातून त्यांना एक मनगट दिसलं. मनगटात चुडा होता.

"आधी खरंच वाटंना बगा, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "मंग हसू आलं. एकटीच हसून राह्यले. म्हणलं, उमे, जिंकलीस की गं."

त्यांनी धुवून आणलेलं लुगडं दगडावर टाकलं आणि आकांक्षाला घरी पाठवलं. आकांक्षानंही चुडा पाहिला होता. पण घरी येऊन तिनं सासऱ्यांना खोळ पडली इतकंच सांगितलं.

दादा धावत गेला. मीही त्याच्या मागे गेलो. खोळ उताणी पडलेली होती, डोळे आभाळाकडे, मिशा शाबूत. दादानं झाकलेल्या दगडाकडे नजरही टाकली नाही. खोळ सुटली की ती त्याच दिवशी गोदावरीत सोडतात आणि दिवेलागणीच्या आत दगडाला नवा शेंदूर लागतो, देव उघडा ठेवत नाहीत. त्याला तेवढंच दिसत होतं. तो म्हणाला, जल्दी शेंदूर लावा, श्राद्धाच्या दिवशी देव उघडा पडला हे बरं न्हाई. वहिनी म्हणाल्या, घरात शेंदूर पुरेसा नाही, जाफराबादहून आणावा लागेल.

घरात शेंदराचा डबा भरलेला होता. मी स्वतः तो सकाळी पाहिला होता. मी गप्प राहिलो.

शेंदूर आणायला कल्याण निघाला. तो गाडी काढत असताना आकांक्षा त्याच्याजवळ गेली. त्यांचं काय बोलणं झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळलं. कल्याण सरपंचाला उभा राहणार होता. त्याचे बॅनर तयार होते, वर मिशाळ बाबा आणि खाली हात जोडलेला तो. मग पद महिलांसाठी राखीव निघालं आणि त्याच्या जागी आकांक्षा हात जोडून उभी राहिली, बाबा तसेच राहिले. ती म्हणाली, शेंदूर सावकाश आणा. त्याला चुड्याचं कळलं तेव्हा तो घाबरला. निवडणूक होऊ द्या, मंग काय ते बघू, असं म्हणाला.

"बॅनरवर मी हाय, तुमी न्हाई," आकांक्षा त्याला म्हणाली. "माज्या डोक्यावर बाबा बरा दिसंल का बाई, तुमीच सांगा."

कल्याणनं विचार केला आणि जाफराबादेत चहा प्यायला थांबला.

दुपारी पंगत उठत आली तेव्हा सोमेश्वर सर आले. निवृत्त झालेले, हातात काठी. अंतरानं त्यांना वर्षश्राद्धाचं कळवलं होतं. चर्चासत्रानंतर त्यांची उमाशी दोस्ती झाली होती असं नाही, पण त्यांचा प्रत्येक लेख ती वाचायची आणि तिचा ते वाचायचे. ती गेल्यावर त्यांचा मला फोन आला होता. खोळेचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अंतरानं पानावर वाढता वाढता सांगितलं. सरांनी हातातला घास खाली ठेवला.

मग सगळे मळ्यात. ऊन कलतीला लागलेलं. दादा चौथऱ्याच्या पायरीपाशी वाट अडवून उभा. तो सरांना म्हणाला, जेवायला आलात, आनंद झाला, पण हा आमच्या घरचा विषय आहे. सर म्हणाले, बरोबर आहे, मी इथेच सावलीत बसतो.

तेवढ्यात कल्याण आला. शेंदराची पुडी त्यानं आईच्या हातात दिली आणि बापाला म्हणाला, आबा, बघायला काय हरकत हाय. दादाला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं पोराकडे पाहिलं, मग आकांक्षाकडे, आणि त्याच्या लक्षात आलं की घर त्याच्या पाठीमागून सरकलं आहे. त्याचा आवाज चढला.

"मिशा काढल्या का खाली काय ऱ्हातंय आपलं? बाजारात मी तोंड दाखवून आल्तो, तुमी न्हाई. दोन वर्सं ऐकलं मी. आता तर गावासमोर बाबाला नागवा करा म्हणता का?"

अंतरा पुढे आली. ती पुण्याला शिकवते, बोलण्यात आईवर गेली आहे. मला वाटलं भांडेल.

"मोठे बाबा, आईनं तुम्हाला कधी म्हटलं का, दगड उघडा म्हणून?"

"न्हाई," दादा म्हणाला.

"एकदाही?"

"दवाखान्यात डबा घिऊन यायची तवा बी न्हाई. मला वाटायचं, आज काढंल विषय. न्हाई काढला."

"मग मीही म्हणणार नाही. तुम्ही नको म्हणा, आम्ही परत जातो."

ती खरंच मागे सरली. दादा मला नंतर म्हणाला, पोरगी भांडली असती तर मी जिंकलो असतो. तिनं माझ्या हातात दिलं, मंग मला काय करावं कळंना.

तो तसाच उभा असताना वहिनी त्याच्या बाजूनं पायरी चढल्या. बादली त्यांनी आधीच भरून ठेवली होती, ऊन पाणी, शेजारी तेलाची वाटी आणि जुन्या धोतराच्या चिंध्या.

"शेंदूर लावायचं काम माजं," त्या म्हणाल्या. "लावते. पर आंघोळ घातल्याबिगर शेंदूर लावत न्हाईत, हे तुमच्याच आईनं शिकवलंय. सकाळची आंघोळ आर्धी ऱ्हायली. ती घालते. तुमाला बगायचं नसंल तर तिकडं तोंड करा."

दादानं तोंड फिरवलं नाही. पायरीपासून मात्र तो बाजूला झाला.

वहिनींनी लुगडं काढलं. दगड काळाकुट्ट होता, तेलकट, त्या मनगटाखेरीज काही ओळखू येत नव्हतं. त्यांनी तेलाचा बोळा घेऊन वरून सुरुवात केली. सर उठून चौथऱ्याला येऊन टेकले. आयुष्यभर असे दगड वाचलेला माणूस, पण वर चढायची सोय नाही. ते खालून सांगत होते, घासू नका, नुसतं पुसा, ओल्या अंगाचं लेकरू पुसतात तसं. अंतरा फोनचा उजेड धरून वर उभी होती. तिला चढता येत होतं, लेक असल्यामुळे शेंदूर तेवढा लावता आला नसता.

वरच्या भागात महादेवाची पिंड निघाली आणि पूजा करणारं कुणीतरी. सर म्हणाले, हे सगळ्या वीरगळांवर असतं, खाली या. मधल्या भागात मेलेल्याला स्वर्गात नेणारं विमान. सर म्हणाले, खाली या. मग तो चुडा आला. चुड्याच्या वर दंड, दंडाच्या वर खांदा. वहिनींनी चिंधी बदलली. मागे वळवून बांधलेला अंबाडा दिसला. दुसऱ्या हातात तलवार, उगारलेली. पायाशी पडलेला माणूस आणि मागे गुरं, एकामागे एक, शिंगं सुद्धा कोरलेली.

कल्याण म्हणाला, काकूनं बराबर सांगितलं होतं. आकांक्षानं माझा हात धरला. माझ्या मनात एकच होतं, की ते सभागृह, ते हसणं, आणि उमा इथे नाही.

सरांनी मात्र चष्मा पुसून परत लावला आणि ते म्हणाले, "वहिनी, डाव्या अंगाला अजून पुसा. तिच्या पाठीला काहीतरी आहे."

वहिनींनी पुसलं. किटण जाड होतं. बराच वेळ लागला. मग त्या थांबल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "हा हात हिचा न्हाई. हिचे दोन झाले. हा तिसरा हाय."

तिसऱ्या हातातही चुडा होता. मग चौथा हात निघाला, त्यात भाला. मग दुसरा अंबाडा, दुसरं तोंड, पहिलीच्या पाठीला पाठ लावून उभी असलेली दुसरी बाई.

सोमेश्वर सरांनी काठी चौथऱ्याला टेकवून ठेवली. "मॅडम चुकल्या," ते म्हणाले.

अंतरानं चमकून खाली पाहिलं.

"एकीनं चुकल्या," सर म्हणाले. "त्या एक म्हणत होत्या. ह्या दोघी आहेत." त्यांनी बोटानं दोघींच्या पाठी दाखवल्या. "मी चाळीस वर्षं वीरगळ बघतो आहे. पाठीला पाठ लावून लढणाऱ्या दोन बायका मी पाहिल्या नाहीत. त्या दिवशी सभागृहात पहिला मी हसलो होतो. त्याच सभागृहात उभा राहून आता हे सांगणार आहे, मॅडमच्या नावानं."

मग ते मला म्हणाले की दगड इतका चांगला राहिला तो शेंदरामुळेच. उन्हापावसात उघडा असता तर नाकडोळे झिजून गेले असते. आणि कुणी चोरून खरवडला असता तर लोक म्हणाले असते, मॅडमनीच कोरून घेतलं. मला उमाचं झापणं आठवलं. कल्याणलाही आठवलं असावं, कारण तो खाली बघत होता.

वहिनी चौथऱ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत काळे. दोघींच्या पाठी जिथे टेकल्या होत्या तिथे त्या तेलाचं बोट फिरवत होत्या. त्या कोणाला उद्देशून बोलल्या मला माहीत नाही. "जावा असतील," त्या म्हणाल्या. "सख्ख्या जावा." मग पदरानं डोळे पुसले आणि तोंडाला काळं लागलं.

दादा अजून खालीच. तो गुरांकडे बघत होता. गुरांतलं त्याला कळतं. मग त्यानं सरांना विचारलं, "मंग आमी कोणाचे?"

सरांनी खरं सांगितलं. दगडावर नाव नाही, ह्या तुमच्याच घरच्या होत्या असं दगड सांगत नाही, सटवाजी होता की नव्हता हेही सांगत नाही. उमानंही असंच उत्तर दिलं असतं. पण त्या उत्तरानं दादाचं तोंड आणखी उतरलं.

वहिनी वरून म्हणाल्या, "कोणाचे म्हंजे? ह्यांचे. इतक्या वर्सांत आंघोळ कोणी घातली ह्यास्नी? बांगड्या कोणी ठेवल्या? बायांनी नाव इसरलं, पर बांगड्या न्हाई इसरल्या. आन् काय पायजे तुमाला? गुरं तर आणली ना घरी."

दादा हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले. त्यानं चपला काढल्या, आणि चौथऱ्याला कपाळ टेकवलं. मग विचारलं, लोकांना बघायला बोलवायचं तर किती दिवस उघडं ठेवावं लागंल. सर म्हणाले, तुम्ही म्हणाल तितके. दादा म्हणाला, नेहमीच ठेवलं तर? शेंदूर नुसता पायाला लावायचा. चालंल का गं? हे त्यानं बायकोला विचारलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. वहिनी म्हणाल्या, मला इचारता व्हय? चालंल.

दिवेलागणीच्या आत दोघींच्या पायांना शेंदूर लागला, वहिनींचा आधी आणि आकांक्षाचा नंतर. पुढ्यात बांगड्या ठेवल्या, या वेळी दोन जोड. आकांक्षानं कल्याणला फोन काढायला लावला आणि जुने बॅनर रद्द करायला सांगितलं. अंतरा माझ्याजवळ येऊन बसली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची तर आईचं ते वाक्य बदलायचं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आईचं वाक्य तसंच ठेव. खाली लिही की लेखिका चुकली, एक नव्हती, दोघी होत्या. तिला हे सगळ्यांत जास्त आवडलं असतं. अंतरा रडली आणि मी रडलो नाही. वर्षभरात त्या दिवशी पहिल्यांदा मला उमा गेली असं न वाटता ती होती असं वाटलं.

खोळ गोदावरीत सोडायला कल्याण शहागडला निघाला. गाडीत ठेवायच्या आधी दादानं त्याला थांबवलं. खिशातला चाकू काढून त्यानं मिशा हळूच सोडवल्या, उपरण्यानं पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. जड होत्या.

"जालन्याला सराफाकडं दे," तो म्हणाला. "जोडवी कर. दोन जोड."

वहिनींनी वरून विचारलं, मिशांच्या चांदीत दोन जोड होतील का?

दादानं खोळेतून डोळेही काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"हे बी घाल त्यात," तो म्हणाला. "त्यांचे त्यांना हायेत."